सहा अंकांची किमया

मुलांनो, पत्त्यात पारशिवनीपुढे तुम्ही ४४११०५ हा पिनकोड लिहिता. ही योजना कोणाची, ठाऊक आहे का?

ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. त्यांचा जन्म १९१५ साली झाला. ते संस्कृतचे कवी होते आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारीही होते.

आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. भाषा आणि लिप्याही पुष्कळ. त्यामुळे पत्रे भलत्याच गावी जात. इकडे आई मुलाच्या पत्राची वाट पाहत बसे.

वेलणकरांनी टपाल कार्यालयांना सहा अंक दिले. पहिल्या तिन्हींवरून टपालाचा वर्गीकरण जिल्हा कळतो, पुढच्या तिन्हींवरून टपाल कार्यालय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही योजना सुरू झाली. १९९९ साली वेलणकर वारले.

पत्ता उर्दूत लिहा किंवा मराठीत; अंक बरोबर असले, की पत्र वाट चुकत नाही.