हेरिंगहॅमबाई आणि अजिंठ्याची चित्रे



या वेळी भित्तिपत्रकासाठी मी एका इंग्रज बाईंचं चरित्र निवडलं आहे. टिळक, फुले, सावित्रीबाई यांच्यावर सगळेच लिहितात. पण अजिंठ्याची लेणी आपल्याच जिल्ह्यात असूनही या बाईंचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांचा जन्म १८५२ साली इंग्लंडमध्ये झाला. घर श्रीमंत, वडिलांना चित्रांचा नाद. पती डॉक्टर होते.

युरोपात चौदाव्या ते सोळाव्या शतकात जुन्या ग्रीक-रोमन विद्येला नवा बहर आला. त्याला प्रबोधनकाळ म्हणतात. मायकेलअँजेलो त्याच काळातला. त्याने रोममधल्या एका प्रार्थनामंदिराचं छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षे खपून रंगवलं. त्याच्या शंभरेक वर्षे आधी चेन्नीनी नावाच्या इटालियन चित्रकाराने रंगकामावर पुस्तक लिहिलं होतं. ओल्या गिलाव्यावर रंग कसे द्यायचे, अंड्याच्या बलकात कसे कालवायचे, सगळं त्यात आहे. (हो, अंड्याच्या! हसू नका.) बाईंनी १८९९ साली ते इंग्रजीत आणलं आणि स्वतः तसे रंग करून पाहिले. मागे पडलेल्या या रीतीने काम करणाऱ्या चित्रकारांची १९०१ मध्ये लंडनला संस्था निघाली, त्यातही त्या होत्या.

अशा जाणकार बाई १९०६ साली अजिंठ्याला आल्या. इथली बरीचशी चित्रे पाचव्या शतकातली, म्हणजे मायकेलअँजेलोच्या हजार वर्षे आधीची! इटलीत गिलावा ओला असताना रंग देत, आपल्याकडे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा हात देऊन तो वाळल्यावर.

पण चित्रांचे पोपडे पडत होते. पूर्वी गिलसाहेबांनी वर्षानुवर्षे बसून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्ससाहेबांच्याही पुष्कळ नकला १८८५ मध्ये तशाच गेल्या. म्हणून बाई १९०९ व १९१० च्या हिवाळ्यात पुन्हा आल्या. तेव्हा वय जवळजवळ साठ! सोबत कलकत्त्याकडून आलेले नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद व फजलुद्दीन होते. तंबूत राहायचं आणि अंधाऱ्या लेण्यांत रेघ न् रेघ उतरवायची. या नकलांचं पुस्तक १९१५ साली लंडनला छापलं गेलं.

बाईंना मात्र त्याचं सुख मिळालं नाही. १९११ मध्ये परतल्यावर त्यांचं मन आजारी पडलं. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं त्यांना वाटे. उरलेलं आयुष्य रुग्णालयांत गेलं आणि १९२९ मध्ये त्या वारल्या. अजिंठ्याच्या चित्रांना शाप आहे, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. आजार कुणालाही होतो.

पुढे १९२० साली निजाम सरकारने चित्रे वाचवायला खास इटलीहून कारागीर बोलावले. त्यांनी पोपडे नीट चिकटवले, पण वर दिलेलं रोगण कालांतराने पिवळं पडलं आणि ते काढायला नंतर खूप खटपट करावी लागली. बाईंचे मदतनीस सय्यद अहमद तर पुढे त्याच लेण्यांचे क्युरेटर झाले. नंदलाल बोस यांनी आपल्या संविधानाची मूळ प्रत चित्रांनी सजवली.