पुस्तके बांधणारा विद्यार्थी

एका शास्त्रज्ञाचे चरित्र कला शाखेच्या विद्यार्थ्याने सांगावे, याचे कोणालाही नवल वाटेल. गेल्या वर्षापर्यंत मायकेल फॅरडे हे नाव मलाही शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातील एका नियमापुरतेच ठाऊक होते. नियम तोंडपाठ होता. त्याचा अर्थ मात्र मी कधी कोणाला विचारला नव्हता.

गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मी दोन विषयांत नापास झालो. त्याची कारणे दोन. पहिले असे की, मी मूळ पुस्तके उघडलीच नव्हती. अपेक्षित प्रश्नांची एक पुस्तिका आणून तिच्यातील वीस उत्तरे घोकली होती आणि प्रश्नपत्रिकेत त्यांपैकी फारच थोडी उपयोगी पडली. दुसरे कारण सांगताना अजून लाज वाटते. परीक्षेच्या आधी वसतिगृहात आम्ही चौघे मित्र रात्री दार लावून प्लँचेट करीत असू. कागदावर अक्षरे मांडायची, मध्ये वाटी पालथी घालायची, तिच्यावर सर्वांनी बोटे टेकवायची आणि प्रश्न विचारायचे. वाटी सरकत सरकत अक्षरांवर जाई. तिने मला पहिला वर्ग मिळेल असे सांगितले. मी निर्धास्त झालो. निकाल लागला तेव्हा घरी काय सांगावे ते सुचेना. वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात. माझी फी-माफी त्या निकालाबरोबर गेली होती.

फीचे पैसे जमवण्यासाठी मी संध्याकाळी एका छापखान्यात बांधणीचे काम करू लागलो. फर्मे दुमडणे, दाभणाने भोके पाडून शिलाई करणे, खळ लावून पुठ्ठे चिकटवणे हे काम. एके दिवशी वाचनालयातील फाटक्या पुस्तकांचा एक गठ्ठा दुरुस्तीला आला. त्यात फॅरडेचे एक छोटे मराठी चरित्र होते. पहिल्याच पानावर कळले की हा माणूसही पुस्तके बांधत असे. मग मी ते काम मुद्दाम दोन दिवस लांबवले आणि पुस्तक वाचून काढले. त्यानंतर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याच्याविषयी जे जे मिळाले ते वाचले. त्याचा सारांश येथे देत आहे.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेस न्यूइंग्टन बट्स या वस्तीत झाला. वडील लोहार होते आणि त्यांची प्रकृती नेहमीच खालावलेली. घरात चार भावंडे. हलाखीच्या दिवसांत या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तोच त्याला पुरवून खावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि थोडे अंकगणित एवढेच पदरी पडले. १८०४ साली, तेराव्या वर्षी, तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवण्याच्या कामाला लागला आणि पुढच्या वर्षी त्याच दुकानात सात वर्षांच्या कराराने बांधणी शिकू लागला. त्याची सचोटी पाहून रिबोने शिकवणीचा मोबदला घेतला नाही.

दुकानात बांधणीसाठी येणारी पुस्तके मायकेल वाचू लागला. रिबोने त्याला अडवले नाही. त्याने ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख वाचला, आणि जेन मार्सेट या विदुषीने संवादरूपाने लिहिलेले रसायनशास्त्रावरचे पुस्तकही वाचले. आता खरी गोष्ट येथे आहे. फॅरडे मोठेपणी आपल्या या वयाविषयी सांगत असे की, तो स्वभावाने कल्पनेत रमणारा होता. अरबी कथांवर त्याचा जेवढा विश्वास बसे तेवढाच ज्ञानकोशावरही बसे. म्हणजे छापलेले सारेच त्याला खरे वाटण्याचा धोका होता. त्यातून त्याला वाचवले ते एका सवयीने. मार्सेटबाईंच्या पुस्तकात जे लिहिले असेल, ते खिशाला परवडतील अशा लहान लहान प्रयोगांनी तो पडताळून पाही. पडताळा आला की त्या पुस्तकावरचा त्याचा विश्वास वाढे, पण तो आता पारखून घेतलेला विश्वास असे.

हे वाचून मी हातातली सुई खाली ठेवली. मार्सेटबाईंचे पुस्तक आणि माझी पुस्तिका यांत तुलनाच नाही. परंतु तिच्यातील एकाही उत्तराचा मी मूळ पुस्तकाशी ताळा पाहिला नव्हता, हे त्या क्षणी लक्षात आले.

अभ्यास कसा करावा हेही मायकेलला कोणी समोर बसवून शिकवले नाही. आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचे बुद्धीच्या सुधारणेवरचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले. त्यातील उपदेश साधा होता: वाचलेल्याचे टिपण ठेवावे, व्याख्याने ऐकावीत, एखाद्या जाणत्या मित्राशी पत्रव्यवहार करावा आणि चारजणांत बसून चर्चा करावी. असे उपदेश आपणही पुष्कळ ऐकतो आणि टाळ्या वाजवून घरी जातो. मायकेलने मात्र एकेक गोष्ट अंमलात आणली.

प्रथम त्याने एक वही केली आणि जे काही लक्षणीय वाचनात येई ते तिच्यात उतरवू लागला. १८१० साली जॉन टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी विज्ञानाची सायंव्याख्याने होत असल्याचे त्याला कळले. एका व्याख्यानाला एक शिलिंग पडे. त्याच वर्षी वडील वारले. वडिलांचाच धंदा करणाऱ्या थोरल्या भावाने हे पैसे दिले. व्याख्यानांतील उपकरणांची चित्रे नीट काढता यावीत म्हणून रिबोकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो यथादर्शन चित्रकला शिकला. टेटमकडेच जमणाऱ्या तरुणांच्या मंडळातून त्याला मित्र मिळाले. त्यांपैकी बेंजामिन ॲबट अधिक शिकलेला होता. १८१२ च्या जुलैपासून मायकेल त्याला लांबलचक पत्रे लिहू लागला. त्यात प्रयोगांच्या हकिकती असत, शंका असत, आणि आपली भाषा सुधारावी हा हेतूही असे. पुढे याच मित्रांपैकी पाचसहाजण आठवड्यातून एकदा एकत्र बसून वाचन करीत आणि एकमेकांचे उच्चार व व्याकरण यांतील चुका काढीत. आपली चूक मित्राने दाखवावी म्हणून मुद्दाम जमणारे मित्र आपल्यापैकी किती जणांना लाभले आहेत?

१८१२ च्या वसंतात दुकानातील एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये होणाऱ्या सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळातले नामांकित रसायनशास्त्रज्ञ. त्यांचे व्याख्यान ऐकताना मायकेल प्रत्येक शब्द उतरवण्याच्या मागे लागला नाही. तो मुख्य मुद्दे आणि प्रयोग तेवढे टिपून घेई. घरी आल्यावर त्या टिपणांवरून सारे व्याख्यान स्वतःच्या हाताने पुन्हा सविस्तर लिही, आकृत्या काढी. अशी तीनशेच्या वर पाने झाली. ती त्याने स्वतःच बांधली. वर्षअखेरीस पत्रासोबत ती डेव्हींकडे पाठवून दिली. डेव्हींनी त्याला भेटीस बोलावले. पण जागा नव्हती. थोड्याच दिवसांत तेथील मदतनीस मारामारीच्या प्रकरणात कामावरून दूर झाला आणि १ मार्च १८१३ रोजी एकवीस वर्षांचा फॅरडे त्या जागी रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि राहण्यास वरच्या मजल्यावर दोन खोल्या.

येथून पुढचे चरित्र सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १८२१ मध्ये त्याने विजेच्या प्रवाहाने तार चुंबकाभोवती सतत फिरवून दाखवली. १८२५ मध्ये बेंझिनचा शोध लावला. वीज चुंबकत्व निर्माण करते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न तो अनेक वर्षे मनात बाळगून होता. मधल्या काळातील प्रयत्न फसले. शेवटी २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून त्याने प्रयोग केला. एका वेटोळ्यातील प्रवाह चालू वा बंद करण्याच्या क्षणीच दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. प्रवाह सतत चालू असताना ती स्थिर राही. अपेक्षा कदाचित वेगळी असेल, पण जे दिसले तेच त्याने नोंदवले, आणि त्या क्षणिक हालचालीतच सारे रहस्य होते. आज आपल्या कोयनेच्या वीजघरातील जनित्रे याच तत्त्वावर फिरतात.

त्याची स्मरणशक्ती चांगली नव्हती, ही गोष्ट मला फार दिलासा देणारी वाटली. विसरण्यावर त्याने नोंदींचा उपाय केला. १८३२ पासून प्रयोगांच्या रोजनिशीतील प्रत्येक परिच्छेदाला तो क्रमांक देऊ लागला. १८६० पर्यंत हे क्रमांक सोळा हजारांपलीकडे गेले. फसलेले प्रयोगही त्यात आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्यासाठी १८४९ मध्ये त्याने केलेले प्रयोग निष्फळ ठरले. तरी तो निष्फळ निकालही त्याने विद्वानांपुढे मांडला. त्याचे गणितही कच्चे होते. त्याच्या कल्पनांना गणिताची भाषा पुढे मॅक्सवेलने दिली. नवीन संज्ञा हव्या झाल्या तेव्हा त्याने केंब्रिजच्या व्ह्यूएल या पंडिताचा सल्ला घेतला. जे येत नाही ते विचारण्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता मला सर्वांत जवळचा वाटलेला प्रसंग. १८५३ साली इंग्लंडात मेज फिरवण्याचे वेड पसरले होते. माणसे मेजाभोवती हात टेकवून बसत, थोड्या वेळाने मेज सरकू लागे, आणि कोणी त्याचे श्रेय भुताखेतांना देई, कोणी विजेला. लोक फॅरडेला विचारू लागले. त्याने कोणाची टवाळी केली नाही. प्रामाणिक म्हणून माहीत असलेली माणसेच त्याने बसवली आणि हात व मेज यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक, मऊ चिकट लेपाने जोडून ठेवले. मेज आधी सरकले तर खालचे पुठ्ठे पुढे गेलेले दिसतील. हात आधी सरकले तर वरचे. वरचेच पुढे गेलेले आढळले. मग त्याने हाताची बारीकशी हालचालही दाखवील असा एक हलका काटा बसवला. बसणाऱ्यांना काटा दिसू लागताच मेज सरकणे थांबले. माणसे लबाडी करीत नव्हती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. फॅरडेने हा निष्कर्ष वर्तमानपत्रातून जाहीर केला. पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये, त्याने मनाच्या शिक्षणावर एक व्याख्यान दिले. आपल्याला जे हवेसे वाटते ते आपण चटकन खरे मानतो, आणि म्हणून नेमके तेच अधिक कठोरपणे तपासायला हवे, असा त्याचा आशय होता.

फॅरडेने रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले, सरदारकीही घेतली नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्याचे निधन झाले.

ते प्रकरण वाचले त्या रात्री मी आमच्या चौघांना पुन्हा वाटीभोवती बसवले. अट एकच घातली. सर्वांनी डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि शेजारच्या खोलीतील एका मित्राने अक्षरांचा कागद गुपचूप फिरवून ठेवायचा. वाटी हलली, परंतु ज्या अक्षरांवर गेली त्यांचा काही अर्थ लागेना. पहिल्या वर्गाची इच्छा माझी होती आणि वाटी ढकलणारे बोटही बहुधा माझेच होते. आमच्यातील एक मित्र यावर रागावला आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटीने नोकरीचे आश्वासन दिले होते.

त्यानंतर मी अपेक्षित प्रश्नांची पुस्तिका बाजूला ठेवली. तासाला मुद्दे टिपायचे, रात्री पुस्तक मिटून ते आपल्या भाषेत लिहायचे, मग पुस्तक उघडून चुका शोधायच्या, असा क्रम ठेवला. दर शनिवारी मी आणि तो रुसलेला मित्र वह्या बदलून एकमेकांची उत्तरे तपासतो. पुन्हा बसलो तेव्हा राहिलेले दोन्ही विषय सुटले. गुण बेताचेच आहेत. फी-माफी अजून परत मिळालेली नाही, म्हणून छापखान्यातील काम चालूच आहे.

फॅरडेचे ते चरित्र मी नव्या पुठ्ठ्यात, चांगली जुजबंदी करून वाचनालयाला परत केले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी ते तेथून जरूर न्यावे. आणि त्यात लिहिलेलेही पारखून घ्यावे.