नरभक्षक वाघ मारणाऱ्या जिम कॉर्बेट यांनी पिकं वाचवायला अख्ख्या गावाला भिंत घातली होती

जिम कॉर्बेट म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बंदूक आणि नरभक्षक वाघ. पण हा माणूस एका गावाचा जमीनदारही होता. त्याच्या कुळांच्या शेताला जंगल लागून होतं आणि रोज रात्री तिथं रानडुकरं घुसत होती.

२५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये कॉर्बेट यांचा जन्म झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. या कुटुंबाचं वर्ष दोन गावांत वाटलेलं असायचं. उन्हाळा नैनितालच्या थंड डोंगरावर आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगीत. या पायथ्याच्या पट्ट्याला भाबर म्हणतात. उन्हाळा आणि पावसाळ्यात इथं मलेरियाचं थैमान असायचं. थंडी पडली की डोंगरातले अनेक शेतकरी गुरं घेऊन खाली यायचे. पोरगा जिम जंगल वाचायला शिकला तो इथंच.

पुढं रेल्वेची नोकरी लागली. बिहारमधल्या मोकामा घाटावर मालाची चढउतार करून घेण्याचं काम त्यांनी वीसेक वर्षं केलं. १९१५ साली त्यांनी कालाढुंगीजवळचं छोटी हल्द्वानी हे गाव विकत घेतलं आणि तिथं कुळं वसवली.

पण पीक हाती लागेना. रानडुकरं आणि हरणं रात्रीत उभं शेत फस्त करायची. कोकणातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांना हे दुखणं काही नवीन नाही.

मग उपाय काय? दिसेल ते जनावर मारणं हा एक मार्ग होता. पण हरणं आणि डुकरं हेच वाघाचं अन्न. ते संपलं की वाघ गोठ्याकडे वळतो. कॉर्बेट यांनी दुसरा मार्ग धरला. गावाभोवती दगडी भिंत घातली, तीही थोडीथोडकी नाही, काही किलोमीटर लांबीची. पैसे जमतील तसं काम व्हायचं, त्यामुळं ती पुरी व्हायला कित्येक वर्षं गेली. पण शेत आतमध्ये आणि जंगल बाहेर, असा हिशोब बसला.

वाघांच्या बाबतीतही ते आधी कारण शोधायचे. १९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून तिच्या नावावर ४३६ बळी होते. ही शिकार करण्याआधी त्यांनी अट घातली होती की सरकारनं बक्षीस रद्द करावं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना माघारी बोलवावं. वाघीण मेल्यावर पाहिलं तर जुन्या गोळीनं तिचे उजव्या बाजूचे सुळे तुटलेले. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांवर वळली होती. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा साळिंदराशी झटापटीत एक डोळा गेला होता आणि अंगात काटे रुतले होते. थोडक्यात, जखमी वाघ माणसावर उठतो, धडधाकट वाघ सहसा माणसाला टाळतो.

कॉर्बेट काही पहिल्यापासून संत नव्हते. त्यांनी हौसेखातरही शिकार केली होती आणि बड्या साहेबांच्या शिकारीची व्यवस्थाही पाहिली होती. पण १९२० च्या दशकापासून त्यांचा जीव कॅमेऱ्यात रमू लागला. वाघ कमी होत चाललेत हे ते लोकांना सांगू लागले. १९३६ साली भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागं त्यांचाही हात होता. तेव्हा त्याचं नाव होतं हेली नॅशनल पार्क.

१९४७ साली कॉर्बेट बहीण मॅगीसोबत केनियाला गेले. पण गावाशी नातं तुटलं नाही. कुळांच्या जमिनीचा सारा ते तिथूनही भरत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथं त्यांचं निधन झालं. पुढं जमीन कसणाऱ्यांच्याच नावावर झाली.

१९५७ साली त्या उद्यानाला कॉर्बेट यांचं नाव मिळालं आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली. कालाढुंगीतल्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. त्या भिंतीचे भाग छोटी हल्द्वानीत अजूनही बघायला मिळतात. शेतकरी आणि वाघ या दोघांनाही जगायचं असेल तर मध्ये कुणीतरी खर्च आणि कष्ट करावे लागतात, हे ती भिंत बघितली की कळतं.