डॉ. वसंत रामजी खानोलकर

कोकणात घरी पाहुणा आला, की त्याला आधी गूळपाणी द्यावे आणि मग पानाचे तबक पुढे करावे, अशी जुनी रीत होती. ओटीवर गप्पा रंगत. अडकित्त्याने सुपारी कातरली जाई, पानाला चुना लागे आणि त्यात चिमूटभर तंबाखूही पडे. शेतावर जाणाऱ्या गड्याच्या कमरेला पानतंबाखूची चंची असे. अनेक घरांतील बायका तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावीत. तिने दात बळकट होतात, असा त्यांचा समज होता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या सवयींत काही धोका असेल, अशी शंका सहसा कोणाला येत नसे. एखाद्याच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा उठे. पुढे तेथे जखम होई आणि ती काही केल्या भरून येत नसे. लोक त्याला उष्णतेचा विकार म्हणत, नाहीतर दैवाला दोष देत. हा दोष दैवाचा नसून सवयीचा आहे, हे पुराव्यानिशी दाखविण्यात ज्यांनी मोठा वाटा उचलला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे.

खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली या गावावरून आलेले आहे. हा भाग पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यात होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो त्यात गेला. आडनाव कोकणातले असले, तरी वसंतरावांचा जन्म मात्र कोकणापासून फार दूर, क्वेट्टा येथे, १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. हे शहर आता पाकिस्तानात आहे. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी वसंतराव इंग्लंडला गेले आणि १९२३ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी संपादन केली. त्यांचा विषय होता विकृतिशास्त्र.

विकृतिशास्त्र म्हणजे रोगामुळे शरीरात कोणते बदल होतात, याचा अभ्यास करणारे शास्त्र. नाडी पाहणारा, औषध देणारा डॉक्टर सर्वांना दिसतो. विकृतिशास्त्रज्ञ मात्र प्रयोगशाळेत बसून काम करीत असतो. रोग्याच्या जखमेतून काढलेला लहानसा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढतात. एका मिलिमीटरचे दोनशे भाग केले, तर त्यांतील एका भागाएवढी त्या कापाची जाडी असते. त्या कापाला रंग देऊन तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला, की शरीराच्या पेशी स्पष्ट दिसू लागतात. निरोगी पेशींची रचना शिस्तीची असते. कर्करोगात ती शिस्त मोडते; पेशी बेसुमार वाढतात आणि शेजारच्या भागांत घुसतात. हा भेद ओळखणे फार जबाबदारीचे काम आहे. विकृतिशास्त्रज्ञाची चूक झाली, तर रोग्याचे सारे उपचारच चुकतात.

मायदेशी परतल्यावर डॉ. खानोलकरांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात हा विषय शिकविला. भारतात कर्करोग विरळाच आढळतो, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. परंतु ज्या देशात मृत्यूचे कारण नीट नोंदलेच जात नाही, त्या देशात एखादा रोग विरळा आहे असे कोणत्या आधारावर म्हणावे? प्रथम मोजले पाहिजे आणि मगच बोलले पाहिजे, हा डॉ. खानोलकरांचा बाणा होता.

अशी मोजदाद करण्याची संधी त्यांना लवकरच लाभली. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले होते. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांच्या नावाने स्थापन झालेल्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे संचालक म्हणून डॉ. खानोलकरांची नेमणूक झाली. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून रोगी तेथे येऊ लागले. त्यांत तोंडाच्या कर्करोगाचे रोगी पुष्कळ असत. कित्येकांचा रोग इतका वाढलेला असे, की शस्त्रक्रिया करून जिभेचा किंवा जबड्याचा भाग काढून टाकावा लागे. आणि तेवढे करूनही प्राण वाचतीलच, अशी खात्री देता येत नसे.

डॉ. खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रोग्यांची माहिती एकत्र केली. त्यांतून सोयीचे तेवढे रोगी निवडले नाहीत, कोणाला वगळलेही नाही. हा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९४५ साली सूर्याबाई यांच्यासमवेत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. लोकांच्या राहणीतील चालीरीती आणि कर्करोग यांचा संबंध त्यात दाखविला होता.

त्या निबंधातील उदाहरणे मोठी उद्बोधक आहेत. बिहारकडे तंबाखूत चुना मळून केलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याची चाल होती. तेथील लोकांना कर्करोग होई तो खालच्या ओठाला. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी ओढीत. पुष्कळ स्त्रिया तिचे पेटलेले टोक तोंडात धरीत. तेथे कर्करोग होई तो टाळूला. तिसरा प्रकार तर तोंडाचा नव्हताच. वर्षानुवर्षे धोतर कमरेला एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने तेथील कातडीला सतत काच बसे आणि क्वचित त्या जागी कर्करोग उद्भवे. देश एकच, पण चाल बदलली, की रोगाची जागाही बदलत होती. रोगाचे कारण दैवात असते, तर त्याने नेमकी तंबाखू धरण्याचीच जागा का निवडली असती?

या शोधाचे महत्त्व केवळ पुस्तकी नव्हते. जो रोग सवयीतून येतो, तो सवय सोडल्याने टाळता येतो. शस्त्रक्रिया एका रोग्याला वाचवील. पण कारणाचे ज्ञान लाखो लोकांना रोगापासूनच दूर ठेवील. म्हणूनच कर्करोगाच्या मुळाचा शोध घेणारी स्वतंत्र संस्था देशात असावी, असे डॉ. खानोलकरांना तळमळीने वाटे. १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि ते त्याचे पहिले संचालक झाले. शरीरातील पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र तेथे उभे करण्यात आले. त्या कामी पुढाकार घेणाऱ्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या संशोधिका होत.

कर्करोगाप्रमाणेच कुष्ठरोगही पूर्वसंचिताचे फळ मानला जाई. रोग्याला घराबाहेर काढीत, गावाबाहेर ठेवीत. डॉ. खानोलकरांनी या रोगाचाही सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. रोगाच्या अगदी आरंभीच त्याचे जंतू कातडीतील मज्जातंतूंमध्ये शिरतात, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९५८ साली त्यांच्या केंद्रातील संशोधकांनी कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळविलेले जंतू प्रयोगशाळेत वाढविले. शरीराची प्रतिकारशक्ती जागी करून रोगाशी झुंजावे, या हेतूने पुढील संशोधकांनी त्या जंतूंपासून लसही तयार केली.

डॉ. खानोलकरांच्या कार्याचा गौरव देशात आणि परदेशांत झाला. कर्करोगाशी झुंजणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे ते अध्यक्ष झाले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखविलेल्या वाटेवर संशोधन पुढे चालू राहिले. तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण होते, हे पुढे सिद्ध झाले आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तसे जाहीर केले. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या तोंडाची आतली त्वचा ताठर होते आणि हळूहळू त्याला घास घेण्यापुरतेही तोंड उघडता येईनासे होते. परळच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉक्टर पुढे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खेड्यांपर्यंत पोहोचले. तेथे शिबिरे भरवून त्यांनी लोकांची तपासणी केली. तोंडातला पांढरा चट्टा वेळीच दिसला आणि तंबाखू-सुपारी तेव्हाच सुटली, तर पुढचा अनर्थ पुष्कळदा टळतो.

पानाचे तबक पुढे करणाऱ्या आजोबांच्या मनात प्रेमच असे. पाहुण्याचे वाईट व्हावे, असे त्यांना कधी वाटले नाही. त्यांच्यापाशी नव्हते ते फक्त ज्ञान. ते ज्ञान डॉ. खानोलकरांनी हजारो रोग्यांच्या दुःखातून चिकाटीने वेचून काढले आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले. त्याचा उपयोग करणे आता आपल्या हाती आहे.