थिओडोर एशेरिख : अर्भकाच्या आतड्यातील जिवाणूंचे आद्य अभ्यासक

दूषित पाण्याच्या आणि अन्नाच्या बातम्यांमुळे ई. कोलाय या जिवाणूचे नाव आज सर्वपरिचित झाले आहे. या नावातील 'ई' हे अक्षर थिओडोर एशेरिख या जर्मन बालरोगतज्ज्ञांच्या आडनावावरून आले आहे. एशेरिख यांना हा जिवाणू दूषित विहिरीत किंवा एखाद्या रुग्णाच्या शरीरात सापडला नव्हता. १८८५ साली म्युनिक येथे निरोगी तान्ह्या बाळांच्या मलाचे परीक्षण करताना त्यांनी तो ओळखला. जन्मानंतर बाळाच्या आतड्यात कोणते सूक्ष्मजीव वस्तीला येतात, केव्हा येतात आणि तेथे काय करतात, हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेणारे ते आद्य संशोधक होत. बाळाची रोगप्रतिकारशक्ती, बालपणातील इसब आणि आतड्यातील जिवाणू यांचा परस्परसंबंध शोधणाऱ्या आजच्या संशोधनाची मुळे त्यांच्या कार्यात आहेत.

एशेरिख यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८५७ रोजी बव्हेरियातील आन्सबाख येथे झाला. त्यांचे वडील फर्डिनांड हे डॉक्टर होते आणि आरोग्यविषयक आकडेवारीचाही त्यांचा अभ्यास होता. थिओडोर लहान असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. बाराव्या वर्षी त्यांना ऑस्ट्रियातील फेल्डकिर्ख येथील जेझुइट शाळेत पाठविण्यात आले. पुढे जर्मनीतील निरनिराळ्या विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर व्युर्त्सबुर्ग येथील युलियस रुग्णालयात कार्ल गेरहार्ट या नामवंत वैद्यकांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले. बालरोगांकडे ते वळले ते याच काळात.

तो काळ लहान मुलांसाठी अत्यंत कठीण होता. बव्हेरियात जन्मलेल्या दर दहा बाळांपैकी सुमारे तीन बाळे वर्षाची होण्यापूर्वीच दगावत असत. राज्याच्या दक्षिण भागात बाळाला अंगावर पाजण्याची प्रथा फारच कमी होती. गायीचे दूध आणि पिठाची पेज यांवर वाढणारी बाळे उन्हाळ्यात अतिसाराने पटापट बळी पडत. या मृत्यूंचे कारण डॉक्टरांना उमगत नव्हते. बालरोग ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, हेही त्या वेळी सर्वमान्य झाले नव्हते.

याच सुमारास वैद्यकात मोठी क्रांती घडत होती. रॉबर्ट कॉख यांनी इजिप्तमध्ये सुरू केलेला पटकीच्या जिवाणूचा शोध १८८४ च्या प्रारंभी कोलकाता येथे पूर्णत्वास नेला. त्याच वर्षी इटलीतील नेपल्स शहरात पटकीची भयंकर साथ पसरली. तिचा अभ्यास करण्यासाठी एशेरिख तेथे गेले. एका सूक्ष्म जिवाणूमुळे आतड्यात केवढा हाहाकार माजू शकतो, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

म्युनिकला परतल्यावर एशेरिख यांनी हाउनर बाल रुग्णालयात काम करीत असतानाच बाळांच्या आतड्यातील जिवाणूंच्या अभ्यासाला प्रारंभ केला. कॉख यांची जिवाणू वेगळे करून वाढविण्याची पद्धत त्यांनी कॉख यांचेच शिष्य विल्हेल्म फ्रोबेनिउस यांच्याकडून शिकून घेतली. रोगाचा जंतू शोधण्याची घाई त्यांनी केली नाही. निरोगी बाळाच्या आतड्यात काय असते, हे ठाऊक झाल्याशिवाय आजारी बाळाच्या आतड्यात काय बिघडले आहे हे कळणार नाही, अशी त्यांची धारणा होती. बहुतेक संशोधक जिवाणूंकडे केवळ शत्रू म्हणून पाहत असतानाच्या काळात ही दृष्टी वेगळी होती.

बाळाच्या पहिल्या काळपट, चिकट मलात आरंभी जिवाणू आढळत नाहीत, असे एशेरिख यांना दिसून आले. मात्र जन्मानंतर काही तासांतच त्यांचे आगमन होते आणि दूध सुरू झाल्यावर ही वस्ती पालटते. भोवतालच्या जगातून जिवाणू बाळाच्या शरीरात शिरतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. या वस्तीतील दोन प्रमुख जिवाणूंचे त्यांनी वर्णन केले. त्यांपैकी एकाला त्यांनी बॅक्टेरियम कोलाय कम्यून, म्हणजे मोठ्या आतड्यातील सर्वसामान्य जिवाणू, असे नाव दिले. १४ जुलै १८८५ रोजी म्युनिक येथील विद्वत्सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. पुढील वर्षी अर्भकाच्या आतड्यातील जिवाणू आणि पचनक्रिया यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाने त्यांची कीर्ती युरोपभर पसरली.

१८९० मध्ये एशेरिख यांची ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे बालरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. तेथील लहानशा बाल रुग्णालयाला त्यांनी संशोधन केंद्राचे रूप दिले. घटसर्पाच्या आजारावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि त्यावरील नव्या प्रतिविषाचा वापर सुरुवातीच्या काळातच केला. आतड्यात निरुपद्रवी असणारा कोलाय जिवाणू मूत्राशयात शिरल्यास तेथे दाह निर्माण करतो, हेही त्यांनी लहान मुलींच्या आजारातून दाखवून दिले. जिवाणूचा गुण त्याच्या जातीइतकाच त्याच्या ठिकाणावरही अवलंबून असतो, हे त्यातून दिसून आले.

ग्रात्स येथेच त्यांचा विवाह भौतिकशास्त्रज्ञ लेओपोल्ड फाउंडलर यांची कन्या मार्गारेटे यांच्याशी झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन अपत्ये झाली. मुलगा दहा वर्षांचा असताना अपेंडिक्सच्या विकाराने मरण पावला. इतरांच्या मुलांना वाचविण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या पित्यावर हा फार मोठा आघात होता.

एशेरिख यांच्याकडे गुणी शिष्यांची मांदियाळी जमली. एर्न्स्ट मोरो हे त्यांपैकी एक. तान्ह्या बाळाच्या दचकण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेला आज त्यांचेच नाव आहे. १९०० मध्ये मोरो यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मलातून दुधाचे आम्लात रूपांतर करणारा एक जिवाणू वेगळा केला. मातेचे दूध पिणाऱ्या बाळांच्या रक्तात जिवाणूंचा नाश करण्याची शक्ती वरच्या दुधावरील बाळांपेक्षा अधिक असते, असेही त्यांना आढळले. दूध, आतड्यातील जिवाणू आणि प्रतिकारशक्ती हे तिन्ही विषय अशा रीतीने एकाच गुरूच्या प्रयोगशाळेत एकत्र आले.

त्याच सुमारास पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मलात दुफाटे फुटलेले जिवाणू शोधून काढले. आज ते बायफिडोबॅक्टेरिया या नावाने ओळखले जातात. प्राणवायूत ते वाढत नाहीत. त्यामुळे पूर्वीच्या नेहमीच्या पद्धतींत ते मागे राहत आणि हवेतही सहज वाढणारा कोलाय जिवाणू ठळकपणे पुढे येई. स्तनपान करणाऱ्या बाळाच्या आतड्यात संख्येने मोठा वाटा बहुधा बायफिडोबॅक्टेरियाचा असतो, हे पुढे सिद्ध झाले.

१९०२ मध्ये एशेरिख यांना व्हिएन्ना येथे पाचारण करण्यात आले. तेथील विख्यात सेंट ॲना बाल रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. अर्भकांसाठी स्वतंत्र कक्ष असावा, याचा त्यांनी आग्रह धरला. १९०३ मध्ये त्यांनी अर्भकांच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. मातांना स्तनपानाचे महत्त्व पटवून देणे आणि ज्यांना ते शक्य नाही त्यांच्या बाळांना स्वच्छ दूध पुरविणे, हे तिचे मुख्य कार्य होते. प्रयोगशाळेतील ज्ञान गरिबांच्या घरापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता.

व्हिएन्नातील त्यांच्या रुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन तरुण डॉक्टर काम करीत होते. घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष दुसऱ्यांदा टोचल्यावर काही मुलांना अधिक लवकर पुरळ आणि ताप येतो, हे त्यांच्या लक्षात आले. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच कधीकधी शरीराला त्रास देते, असा त्याचा अर्थ होता. शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादासाठी पिर्के यांनी १९०६ मध्ये ॲलर्जी हा शब्द योजला. आज जगातील बहुतेक भाषांत रूढ झालेला हा शब्द एशेरिख यांच्या छत्राखाली काम करणाऱ्या डॉक्टरने दिला आहे.

१५ फेब्रुवारी १९११ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने एशेरिख यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ५३ वर्षांचे होते. व्हिएन्नात त्यांनी आखलेले नवे बाल रुग्णालय कार्यान्वित झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या जागी पिर्के यांची नियुक्ती झाली. १९१९ मध्ये कास्तेलानी आणि चामर्स यांनी त्यांच्या जिवाणूला एशेरिकिया कोलाय हे नाव दिले. याच जिवाणूच्या साहाय्याने १९७८ मध्ये प्रयोगशाळेत मानवी इन्सुलिन तयार करण्यात आले.

आतड्यातील जिवाणू आणि ॲलर्जी हे दोन विषय पुन्हा एकत्र येण्यास बराच काळ जावा लागला. १९८९ मध्ये ब्रिटनमधील डेव्हिड स्ट्रॅचन यांनी मोठ्या कुटुंबातील धाकट्या मुलांमध्ये इसब आणि परागज्वर कमी आढळतो, याकडे लक्ष वेधले. बालपणी सूक्ष्मजीवांशी पुरेसा संपर्क न आल्यास प्रतिकारशक्तीचे शिक्षण अपुरे राहते काय, असा प्रश्न त्यातून पुढे आला. आतडे हे प्रतिकारशक्तीच्या पेशींचे फार मोठे आगर आहे. कोणत्या परक्या पदार्थाशी लढायचे आणि कोणाला सामावून घ्यायचे, हे या पेशी आयुष्याच्या पहिल्या महिन्यांत शिकत असतात. मातेच्या दुधातील काही शर्करा बाळाला पचत नाहीत. त्यांवर बायफिडोबॅक्टेरिया पोसले जातात आणि आतड्यातील दाह आटोक्यात ठेवण्यास हातभार लावतात.

फिनलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ॲलर्जीचा वारसा असलेल्या कुटुंबांतील मातांना प्रसूतीपूर्वी आणि त्यानंतर सहा महिने माता किंवा बाळांना लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू देण्यात आले. दोन वर्षांच्या वयात त्या मुलांपैकी २३ टक्के मुलांना, तर जिवाणू न दिलेल्या गटातील ४६ टक्के मुलांना इसब झाल्याचे आढळले. मात्र २००८ मध्ये जर्मनीत झालेल्या अभ्यासात असा लाभ दिसला नाही. नेदरलँड्समध्ये ९५७ बाळांच्या एक महिन्याच्या वयातील मलाची तपासणी करण्यात आली. ज्यांच्या आतड्यात ई. कोलाय होता, त्यांना पुढे इसब होण्याचे प्रमाण अधिक होते, असा तिचा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि, या जिवाणूमुळेच इसब होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. इसबामागे आनुवंशिकता आणि त्वचेच्या संरक्षक थराचा कमकुवतपणा हीदेखील महत्त्वाची कारणे आहेत.

म्हणूनच जिवाणूयुक्त औषधांविषयी तज्ज्ञ सावध आहेत. अधिक धोका असलेल्या कुटुंबांत इसब टाळण्यासाठी त्यांचा विचार करावा, असे जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ मध्ये सुचविले. परंतु त्यामागील पुरावा भक्कम नसल्याचेही तिने नमूद केले. झालेला इसब बरा करण्यात या औषधांचा फारसा उपयोग होत नाही, असे २०१८ च्या एका व्यापक आढाव्यात दिसून आले.

भारतातील एक अभ्यास मात्र विशेष उल्लेखनीय आहे. ओडिशाच्या ग्रामीण भागात ४,५५६ नवजात बाळांचा त्यात समावेश होता. निम्म्या बाळांना पहिल्या आठवड्यात लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्यांना पोषक असलेली शर्करा तोंडावाटे देण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले.

एशेरिख यांनी आपल्या काळातील साधनांच्या मर्यादेत आतड्यातील अनेक रहिवाशांपैकी मोजकेच पाहिले. परंतु बाळाच्या पहिल्या दिवसांत आत येणाऱ्या या पाहुण्यांची नीट ओळख करून घेतली पाहिजे, हा त्यांनी घालून दिलेला पाठ आजही खरा आहे. मातेच्या दुधाचा त्यांनी केलेला पुरस्कारही काळाच्या कसोटीस उतरला आहे. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना आज देते.