प्रकाशात न आलेली प्रकाशयोजनाकार

१६ जून १९३७ च्या सायंकाळी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक मालमोटार घिरट्या घालत होती. मोटारीत भाड्याने आणलेला पियानो होता आणि तो कोठे उतरवायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मोटारीबरोबर असलेली पंचवीस वर्षांची तरुणी मधूनमधून दूरध्वनी करून विचारणा करीत होती आणि उत्तर न मिळताच पुन्हा मोटारीत येऊन बसत होती. तिचे नाव जीन रोझेन्थल. पुढे अमेरिकन रंगभूमीवरील प्रकाशयोजनेला स्वतंत्र व्यवसायाचे रूप देणाऱ्यांत तिची गणना होणार होती. त्या रात्री मात्र तिच्या वाट्याला आले होते ते पडद्यामागचे सर्वांत साधे आणि सर्वांत निकडीचे काम : लागणारी वस्तू वेळेवर रंगमंचावर पोहोचविणे.

त्या रात्रीचा प्रसंग अमेरिकेच्या नाट्येतिहासात प्रसिद्ध आहे. महामंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींना काम मिळावे म्हणून सरकारने १९३५ मध्ये ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू केला होता. या योजनेत ऑर्सन वेल्स यांनी दिग्दर्शित केलेले आणि जॉन हाउसमन यांनी उभे केलेले ‘द क्रेडल विल रॉक’ हे पोलाद कामगारांच्या संघटनेवरील संगीत नाटक रंगमंचावर येणार होते. खर्चकपातीचे कारण देऊन सरकारने नवे प्रयोग रोखले. नाट्यगृहाला कुलूप लागले, दाराशी पहारा बसला. नेपथ्य आणि वेशभूषा आतच अडकली. ऐन वेळी एकवीस चौक पलीकडे दुसरे नाट्यगृह मिळाले. प्रेक्षक आणि नटमंडळी तिकडे गेली, पियानोही पोहोचला. नटांना त्यांच्या संघटनेने रंगमंचावर जाण्यास मनाई केली होती. म्हणून संगीतकार मार्क ब्लिट्झस्टाइन एकटेच पियानोपाशी बसले आणि नट प्रेक्षागृहातील आपापल्या जागांवरून उभे राहून गाऊ लागले. प्रयोग झाला. पियानो आला नसता, तर तो झाला नसता.

जीन रोझेन्थल यांचा जन्म १६ मार्च १९१२ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. रुमानियातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबातील त्यांचे आईवडील दोघेही डॉक्टर होते. १९२९ च्या सुमारास त्या ‘नेबरहूड प्लेहाउस’ या नाट्यशिक्षण संस्थेत दाखल झाल्या. अभिनयाची किंवा नृत्याची ओढ आपल्याला नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. तेथे नृत्य शिकविणाऱ्या मार्था ग्रॅहम यांना तंत्रसाहाय्य करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तेव्हा जुळलेले नाते पुढे जवळजवळ चाळीस वर्षे टिकले.

त्यांची खरी जडणघडण झाली ती येल विद्यापीठाच्या नाट्यविभागात. हार्वर्डमध्ये नाट्यलेखनाचे वर्ग चालविणारे जॉर्ज पिअर्स बेकर १९२५ मध्ये येलला आले. त्यांच्या विभागात प्रकाशयोजना शिकविण्यासाठी मूळचे वास्तुविशारद असलेले स्टॅन्ले मॅकँडलेस रुजू झाले. रंगमंचाचे लहान लहान विभाग पाडावेत, प्रत्येक विभागावर समोरच्या दोन कोनांतून दोन दिवे टाकावेत आणि त्यांतील एकाची छटा उबदार, तर दुसऱ्याची थंड ठेवावी, ही त्यांची पद्धत १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. चेहरा स्पष्ट दिसतो आणि त्याची गोलाईही राहते, हे तिचे साधे रहस्य. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी रोझेन्थल या विभागात शिकल्या. विद्यार्थ्यांच्या नाट्यप्रयोगांसाठी पडद्यामागे राबणे हासुद्धा अभ्यासाचा विषय असू शकतो, त्यालाही तर्क, मोजमाप आणि शिस्त असते, हा संस्कार त्या येथून घेऊन निघाल्या.

परंतु बाहेरच्या जगात ‘प्रकाशयोजनाकार’ नावाची जागाच जवळजवळ नव्हती. दिव्यांचे काम नेपथ्यकार जाता जाता सांगत असे किंवा नाट्यगृहाचा वीजतंत्री आपल्या अनुभवाने उरकीत असे. एब फेडर यांच्यासारखा एखादाच अपवाद. त्यातून शिडीवर चढून दिवे बांधणारी मंडळी सर्व पुरुष. अशा ठिकाणी लहानखुऱ्या चणीची, मृदू आवाजात बोलणारी तरुणी हुकूम सोडू लागली, तर ते कोण ऐकणार? रोझेन्थल यांनी हुकूम सोडलेच नाहीत. तारा, तारांची जोडणी, दिव्यांची क्षमता यांचे ज्ञान त्यांना कामगारांइतकेच होते आणि प्रत्येकाशी त्या अत्यंत अदबीने बोलत. हळूहळू हेच कामगार त्यांचे सर्वांत भरवशाचे सहकारी झाले.

१९३७ मध्येच वेल्स आणि हाउसमन यांनी ‘मर्क्युरी थिएटर’ स्थापन केले आणि तेथील तांत्रिक बाजू रोझेन्थल यांनी सांभाळली. त्यांच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये जवळजवळ मोकळ्या रंगमंचावर आधुनिक गणवेशातील पात्रे वावरत आणि जमिनीतून वर झेपावणारे प्रकाशाचे स्तंभ नाझींच्या मेळाव्यांची आठवण करून देत. नेपथ्याचे काम प्रकाशच करू शकतो, याचा तो ठळक पुरावा होता.

नृत्याच्या क्षेत्रात त्यांचे कार्य अधिक मूलगामी ठरले. समोरून पडणारा प्रकाश नर्तकाचे शरीर सपाट करतो. रोझेन्थल यांनी विंगांमध्ये उभ्या नळ्यांवर, वेगवेगळ्या उंचीवर दिवे बांधले आणि बाजूने येणाऱ्या प्रकाशाला मुख्य स्थान दिले. शरीराला घनता आली, हालचालीला कड आली. आज जगभर नृत्याच्या कार्यक्रमांत बाजूचा हा प्रकाश इतका रुळला आहे, की तो कोणाला तरी घडवावा लागला असेल, असे वाटतही नाही.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्या जॉर्ज बॅलन्शिन यांच्या बॅलेसंस्थेचे काम पाहू लागल्या. १९४८ पासून ती ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’ या नावाने ओळखली जाऊ लागली. एका संध्याकाळी तीन-चार वेगळी नृत्ये आणि दुसऱ्या दिवशी निराळीच. दर वेळी दिवे नव्याने बांधायला ना वेळ, ना पैसा. त्यांनी एकच कायम मांडणी अशी आखली, की त्यातूनच सर्व नृत्ये उजळता यावीत. दिव्यांच्या जागा, रंग, तीव्रता आणि बदलांचे क्षण त्या नेमक्या चिन्हांनी कागदावर नोंदवीत. एरवी वीजतंत्र्याच्या स्मरणशक्तीवर विसंबलेली गोष्ट त्यामुळे लेखी झाली आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या हातून तशीच उभी राहू लागली. महाविद्यालयीन महोत्सवात एकाच रंगमंचावर पाठोपाठ दहा प्रयोग सादर होतात, तेव्हा पडद्यामागच्या मुलामुलींपुढे हाच प्रश्न असतो आणि त्याचे उत्तरही पुष्कळसे हेच असते.

ब्रॉडवेवरील त्यांच्या कामाची यादी मोठी आहे. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९५७), ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९५९), ‘हॅलो, डॉली!’ आणि ‘फिडलर ऑन द रूफ’ (दोन्ही १९६४), ‘कॅबरे’ (१९६६) या गाजलेल्या संगीत नाटकांची प्रकाशयोजना त्यांची होती. तरीही प्रकाश प्रेक्षकाच्या नजरेत वेगळा भरू नये, असाच त्यांचा आग्रह राहिला. प्रेक्षकाने नाटक पाहावे, दिवे नव्हेत, ही त्यांची धारणा होती. अशा कामाची एक किंमत असते. ते उत्तम झाले, की दिसत नाही. बिघडले, की सर्वांना दिसते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगाने त्यांना गाठले. एप्रिल १९६९ मध्ये मार्था ग्रॅहम यांचे ‘आर्केइक अवर्स’ हे नवे नृत्य सादर झाले. आजार बळावलेला असतानाही त्याची प्रकाशयोजना रोझेन्थल यांनीच केली. ज्यांच्यासाठी पडद्यामागे पहिले पाऊल टाकले, त्यांच्यासाठीच त्यांनी अखेरचे कामही केले. १ मे १९६९ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विचारांवर आधारलेले ‘द मॅजिक ऑफ लाइट’ हे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ब्रॉडवेचे प्रतिष्ठेचे टोनी पुरस्कार १९४७ पासून दिले जात होते. त्यात उत्कृष्ट प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र पुरस्कार ठेवण्यात आला तो १९७० मध्ये, रोझेन्थल यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने. ज्या कामाला त्यांनी शास्त्र, भाषा आणि प्रतिष्ठा दिली, त्याचा तो सन्मान स्वीकारायला त्या उरल्या नव्हत्या. त्यानंतर ज्यांनी तो स्वीकारला, त्यांच्या कामाची पायवाट मात्र त्यांनी आधीच उजळून ठेवली होती.