गॅरी किल्डॉल : कॉम्प्युटरला जागं करणारा माणूस

घरचा कॉम्प्युटर चालू करताना हँग होणं हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलाय. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारी लाइट जाते, संध्याकाळी परत येते, आपण मोठ्या उत्साहाने बटण दाबतो आणि लोगो येऊन गाडी तिथेच ठप्प! माउस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं सबमिशन असतं. मग घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी म्हणतं व्हायरस असणार, कुणी म्हणतं रॅम काढून खोडरबराने पुसा, आणि शेजारचा दादा तर आल्या आल्या फॉरमॅट मारायला बसतो. नशीब असेल तर कॉम्प्युटर चालूही होतो. पण तो कशामुळे अडकला होता आणि कशामुळे सुरू झाला, हे कुणालाच कळत नाही. वर फॉरमॅटमध्ये वर्षभराचे फोटो आणि प्रोजेक्ट रिपोर्ट गेले ते गेलेच.

खरं म्हणजे अशा वेळी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारायचा असतो. हा नक्की कुठपर्यंत येऊन थांबला? कारण कॉम्प्युटर एकदम चालू होत नाही, तो पायरी पायरीने जागा होतो. यातल्या एका महत्त्वाच्या पायरीचं नाव आहे बायोस. हे नाव ज्याने रूढ केलं तो माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल. कॉम्प्युटरच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे, पण आपल्या कँटीनमध्ये विचारलं तर बिल गेट्स आणि स्टीव्ह जॉब्स यांच्यापुढे यादी जात नाही. म्हणून हा लेख.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात झाला. त्याच्या घरची नौकानयनाची शाळा होती. जहाजावर काम करणाऱ्या लोकांना तिथे दिशा कशी काढायची, नकाशा कसा वाचायचा हे शिकवलं जायचं. गॅरीनेही तिथे काही काळ शिकवलं. लहानपणी मार्कांपेक्षा गाड्या आणि यंत्रं खोलण्यात त्याचा जीव जास्त रमायचा. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये तो गेला तो गणिताचा शिक्षक व्हायचं ठरवून. तिथे त्याची कॉम्प्युटरशी गाठ पडली आणि गणिताचा शिक्षक राहूनच गेला.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. गॅरीला नौदलात जावं लागलं, पण युद्धावर न जाता तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरी इथे नौदलाच्या पदव्युत्तर कॉलेजमध्ये शिकवू लागला. १९७२ मध्ये त्याने पीएच.डी. पूर्ण केली. कॉम्प्युटरच्या मुलांसाठी एक गंमत सांगते. कंपायलर डिझाइनमध्ये आपण जे डेटा फ्लो अॅनालिसिस घोकतो, त्याची पायाभूत पद्धत गॅरीने १९७३ मध्ये मांडली होती. म्हणजे आपल्या एटीकेटीमध्ये त्याचाही थोडा हात आहे!

१९७१ मध्ये इंटेलने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. कंपनीच्या डोक्यात होतं की या चिप कॅल्क्युलेटर किंवा सिग्नलसारख्या यंत्रांत बसवायच्या. गॅरीला मात्र त्यात पूर्ण कॉम्प्युटर दिसला. त्याने चिप मिळवली, तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहिले आणि कॉलेज सांभाळून इंटेलचं कामही करू लागला. तिथे त्याने पीएल/एम नावाची भाषा तयार केली.

आता अडचण अशी होती की प्रोग्रॅम साठवायचे कुठे? त्या वेळी छोट्या मशीनला कागदी टेपवर भोकं पाडून प्रोग्रॅम भरवावा लागायचा. गॅरीला शुगार्ट कंपनीचा एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला, पण तो चालवायला कंट्रोलर सर्किट नव्हतं. त्याने स्वतः बनवून पाहिलं, जमलं नाही. तो सॉफ्टवेअरचा माणूस, सोल्डरिंग हा त्याचा प्रांत नव्हता. शेवटी युनिव्हर्सिटीतला जुना मित्र जॉन टोरोडी याने कंट्रोलर बनवून दिला. १९७४ मध्ये एके दिवशी दोघांनी सगळं जोडलं. गॅरीने लिहिलेला सीपी/एम नावाचा प्रोग्रॅम आधी टेपवरून फ्लॉपीवर घेतला आणि मग फ्लॉपीवरून मशीन चालू केलं. ते हँग झालं नाही. समोर एक छोटीशी चांदणी उमटली, म्हणजे मशीन हुकूम ऐकायला तयार होतं. आज आपण बटण दाबून जे सहज करतो, ते घरगुती आकाराच्या मशीनवर असं जन्माला येत होतं.

इंटेलला सीपी/एममध्ये फारसा रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःच कंपनी काढली. नाव काय ठेवलं? इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च! पुढे त्यातलं इंटरगॅलॅक्टिक गळलं आणि डिजिटल रिसर्च राहिलं. पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावात एका जुन्या घरात ऑफिस थाटलं. डोरोथी धंदा बघायची, गॅरी कोड लिहायचा.

आता येतो आपल्या विषयाचा गाभा. त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. कुणाचा ड्राइव्ह वेगळा, कुणाचा टर्मिनल वेगळा. नवीन मशीन आलं की गॅरीला सगळा सीपी/एम उकरून बदल करावे लागायचे. आयएमएसएआय नावाच्या कंपनीच्या मशीनचं काम आलं तेव्हा तो या प्रकाराला कंटाळला. त्याने सीपी/एमचे सरळ भाग पाडले. हार्डवेअरशी थेट बोलणारा जेवढा कोड होता तेवढा बाजूला काढला आणि त्याला बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम, म्हणजेच बायोस असं नाव दिलं. फाइल सांभाळणारा भाग वेगळा आणि आपण टाइप केलेला हुकूम समजून घेणारा भाग वेगळा. नवीन मशीन आलं की फक्त बायोस बदला, बाकी सगळं जसंच्या तसं! यामुळे सीपी/एम शेकडो प्रकारच्या मशीनवर जाऊन बसलं आणि एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालू लागलं.

या वाटणीचा दुरुस्तीलाही फायदा झाला. सीपी/एममध्ये कंट्रोल आणि सी ही बटणं दाबली की वॉर्म बूट व्हायचं. म्हणजे बायोस आपल्या जागी तसाच राहायचा आणि वरचे दोन भाग डिस्कवरून पुन्हा ताजे घेतले जायचे. बिघाड वरच्या मजल्यावर असेल तर पाया खणायची गरज नाही. सीपी/एमसोबत डीडीटी नावाचं एक टूलही मिळायचं. प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत काय चाललंय ते त्यातून बघता यायचं. बग मारणारं औषध म्हणून डीडीटी! गॅरीच्या कंपनीत विनोदबुद्धीला कमतरता नव्हती.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला तेव्हा बायोस हे नाव तसंच उचललं, फक्त तो भाग मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसवला. आता नव्या मशीनमध्ये त्या जागी यूईएफआय आलंय, तरी बोलताना आपण बायोसच म्हणतो. आणि म्हणूनच घरचा कॉम्प्युटर हँग झाला तर गॅरीच्या मजल्यांनी विचार करावा.

आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची हार्ड डिस्क असं सगळं काढा आणि पुन्हा चालू करा. चालू करताना बहुतेक मशीनवर डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसच्या सेटिंगमध्ये जाता येतं. तिथेच मशीन अडकलं किंवा तिथपर्यंतही पोचलं नाही, तर विंडोजचा काहीच दोष नाही, फॉरमॅट मारून उपयोग शून्य. मग रॅम, पॉवर सप्लाय, सैल केबल किंवा धुळीने भरलेला पंखा यांच्याकडे बघा. दोन रॅम असतील तर एक एक लावून बघा. मात्र डबा उघडण्याआधी प्लग काढायला विसरू नका. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय. सेटिंगमध्ये सगळं ठीक आहे पण हार्ड डिस्कच दिसत नाही, तर डिस्क किंवा तिची केबल. विंडोजचा लोगो येऊन अडकतो, पण सेफ मोडमध्ये चालू होतो, तर बहुधा नुकताच टाकलेला ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्रॅम. आणि डिस्क कुरकुरत असेल तर दुरुस्तीच्या आधी डेटा दुसरीकडे काढून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय केल्याने फरक पडला ते समजत नाही. उद्या चाकणला इंटर्नशिपला गेलात आणि सीएनसी मशीन चालू होताना अडकलं, तरी मेंटेनन्सचे लोक पहिल्यांदा हेच विचारतील की कुठे थांबलं आणि कोणता अलार्म आला.

आता गॅरीच्या आयुष्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट. १९८० मध्ये आयबीएमला आपल्या पीसीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. मायक्रोसॉफ्टने त्यांना गॅरीकडे पाठवलं. आणि म्हणे त्या दिवशी गॅरी स्वतःचं विमान उडवायला निघून गेला आणि त्याने अब्जावधींचा धंदा घालवला! ही गोष्ट जगभर सांगितली जाते. पण हे म्हणजे लोगोवर अडकलेल्या कॉम्प्युटरला न बघताच व्हायरस आहे म्हणून सांगण्यासारखं झालं.

जरा मजले तपासू. गॅरी त्या सकाळी विमानाने गेला होता हे खरं, पण मजा मारायला नाही, एका ग्राहकाला भेटायला. आणि कंपन्यांशी बोलणी नेहमी डोरोथीच करायची. आयबीएमने आधी गुप्ततेच्या करारावर सही मागितली. तो करार एकतर्फी वाटल्यामुळे डोरोथी आणि कंपनीचे वकील सही करेनात. पुढचा मुद्दा पैशांचा. डिजिटल रिसर्चला प्रत्येक कॉपीमागे पैसे हवे होते, आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता. तिसरी गोष्ट म्हणजे नव्या ८०८६ प्रोसेसरसाठीचं सीपी/एम वेळेत तयार नव्हतं. त्याची वाट बघून कंटाळलेल्या सिअॅटलच्याच एका छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने सीपी/एमसारखी वागणारी सिस्टिम लिहून काढली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि आयबीएमला दिली. तीच पीसी डॉस. गॅरीने हरकत घेतल्यावर आयबीएमने त्याचंही सीपी/एम विकायला ठेवलं, पण किंमत काय? डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला! लोकांनी काय घेतलं असेल ते सांगायला नको. म्हणजे बिघाड एक नव्हता, चार ठिकाणी होता, आणि विमान त्यात कुठेच नव्हतं.

गॅरी तिथेच थांबला नाही. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा विश्वकोश सीडीवर आणला. कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमातून तो लोकांना नवं तंत्रज्ञान समजावत असे, आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांची उत्पादनंही असायची. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नोव्हेल कंपनीने विकत घेतली आणि गॅरीला भरपूर पैसा मिळाला. पण विमानाची ती गोष्ट त्याचा पाठलाग सोडेना. जिथे जाईल तिथे तोच प्रश्न. संसार मोडला होता, पुढे दारूचं व्यसन वाढलं. जुलै १९९४ मध्ये माँटेरीतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि ११ जुलैला तो गेला. वय फक्त ५२.

त्याने आपली बाजू मांडणाऱ्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्यांचा काही भाग २०१६ मध्ये लोकांसमोर आला. त्याआधी २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या ऑफिससमोर आयईईईने त्याच्या कामाची नोंद करणारी पाटी बसवली. उशिरा का होईना, इंजिनिअरांनी आपल्या माणसाची दखल घेतली.

मित्रांनो, प्लेसमेंटच्या दिवसांत आपल्याकडेही असं होतं. एखाद्याचं सिलेक्शन झालं नाही की लगेच एका वाक्यात कारण सांगून मोकळे होतो. अभ्यास केला नाही, इंग्लिश कच्चं आहे, नशीबच नाही. मशीन असो की माणूस, कुठे अडकलाय हे बघितल्याशिवाय कारण सांगू नये. सहा हजार रुपयांच्या रॅमसाठी आपण एवढा वेळ काढतो, तर मित्रासाठी अर्धा तास काढायला काय हरकत आहे?